मुलीला विद्यापीठात प्राचीन ग्रीक आणि लॅटिन शिकायचंय. आजच्या काळात याला काही अर्थ आहे का?

थेम्सकाठ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय.

आम्ही चौदा वर्षं इंग्लंडमध्ये आहोत, रेडिंगला. मी आयटीत, बायको फार्मसिस्ट. थोरली मुलगी सतरा वर्षांची आहे, आपल्याकडच्या बारावीच्या बरोबरीच्या वर्गात. गणित चांगलं, केमिस्ट्री त्याहून चांगली. त्यामुळे फार्मसी किंवा डेटा सायन्स असं आम्ही मनाशी धरून चाललो होतो. गेल्या रविवारी जेवताना तिने सांगितलं, मला क्लासिक्स करायचंय. म्हणजे होमर, व्हर्जिल, थुसिडिडीज असे प्राचीन ग्रीक-रोमन लेखक आणि ते वाचण्यासाठी दोन्ही भाषा अगदी अआइईपासून. काही ठिकाणी हा कोर्स चार वर्षांचा असतो.

मी आवाज चढवला नाही. "बघू" म्हणालो. ती ताटातलं संपवून उठली आणि खोलीत गेली. रात्री बायको म्हणाली, तुझ्या "बघू"चा अर्थ तिला चांगला कळतो.

हे खूळ आजचं नाही. लॉकडाऊनमध्ये, बारा वर्षांची असताना तिच्या हाती होमरच्या इलियडचं इंग्रजी भाषांतर लागलं, तिथून सुरुवात. मागच्या वर्षी स्वतःच ग्रीक लिपी शिकली. आता फ्रिजवर वाणसामानाची यादी मराठीत पण ग्रीक अक्षरांत लावते. दूध, कोथिंबीर, रवा, सगळं. आईला ती वाचता येते, मला नाही.

मला तिला अडवायचं नाही, पण समजून न घेता हो म्हणणंही बरोबर वाटत नाही. वर्षाची फी (२०२५-२६ ची) ९,५३५ पौंड, म्हणजे मुलीच्या डोक्यावर कर्ज. मशीन सेकंदात भाषांतर करून देतं त्या काळात मेलेल्या भाषा शिकून काय साधतं? आणि मनात सलणारा प्रश्न वेगळाच आहे. आपण मराठी माणसं. त्या ग्रीक-रोमनांशी आपला काय संबंध? शिकायचंच तर संस्कृत का नाही? हे मी तिला विचारलं नाही, कारण विचारायला गेलो की ते टोमण्यासारखं ऐकू येईल.

हिशेबनीस

मी बावीस वर्षं लंडनमध्ये अकाउंटन्सीत आहे, नोकरीच्या मुलाखतीही घेतो, म्हणून स्पष्ट लिहितो.

चांगल्या विद्यापीठातून क्लासिक्स केलेली मुलं उपाशी राहत नाहीत. इथे बऱ्याच कंपन्या कुठल्याही विषयाचा पदवीधर घेतात. कायद्याकडे जायचं तर वेगळा कोर्स करून जाता येतं. तेवढ्यापुरती काळजी करू नका.

पण हा विषय आकसतोय हेही खरं. अमेरिकेत हॉवर्ड विद्यापीठाने २०२१ मध्ये क्लासिक्सचा विभागच बंद केला. इंग्लंडमध्ये सरकारी शाळांत लॅटिन पोचावं म्हणून २०२१ ला चाळीस लाख पौंडांची योजना जाहीर झाली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत शाळेचं वर्ष चालू असतानाच तिचा निधी थांबला. प्राध्यापकीच्या आशेवर तिने यात पडू नये.

माझं मत: गणित करू द्या. ग्रीक छंद म्हणून राहू द्या. पुस्तकं कुठे पळून जात नाहीत.

तेरणा

हिशेबनीस दादा, नोकरीचं तुम्ही लिहिलंत ते मला पटतं. पण ग्रीक छंद म्हणून होत नाही. क्रियापदांची रूपं रोज घोकल्याशिवाय तोंडी बसत नाहीत, आणि चार दिवस खंड पडला की निम्मी गेलेली असतात. मी एकतिसाव्या वर्षी, पदरात लहान मूल असताना, संध्याकाळच्या वर्गाला जाऊन शिकले. दोन पानं वाचता यायला तीन वर्षं लागली. सतराव्या वर्षी जिला हे मनापासून हवंय तिला तेव्हाच शिकू द्यावं, असं मी अनुभवावरून सांगते.

थेम्सकाठ, "आपला काय संबंध" हा तुमचा प्रश्न मला फार जवळचा आहे. माझं माहेर तेर. धाराशिव जिल्ह्यातलं तेर, गोरोबाकाकांचं. बाहेरची माणसं येतात ती गोरोबाकाकांच्या दर्शनाला. गावात लामतुरे यांच्या नावाचं सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. शाळेची सहल लांब न्यायला पैसे नसत, म्हणून दर वर्षी आम्हाला रांगेने तिथेच नेत. शंखाच्या बांगड्या, मणी, मातीच्या बाहुल्या आणि एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती. इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली १९३८ मध्ये एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली, तिच्याशी या मूर्तीचं साम्य सांगतात. गुरुजी म्हणायचे, "आपल्या गावाचा रोमशी व्यापार होता." आम्ही ते वहीत उतरवून घेतलं आणि विसरलो. परीक्षेत एका मार्काचा प्रश्न होता तो.

पुढे इंग्लंडमध्ये संध्याकाळच्या त्या वर्गात बाईंनी एक उतारा दिला. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या कुणा ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने लिहिलेलं तांबड्या समुद्रापलीकडच्या बंदरांचं वर्णन, पेरिप्लस. लेखकाचं नाव कुणालाच माहीत नाही. हाती राहिलेलं मूळ हस्तलिखित एकच, दहाव्या शतकातलं, ते जर्मनीत हायडलबर्गला आहे. त्यातलं बारुगाझा म्हणजे गुजरातमधलं भडोच. तिथून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर आणखी एक शहर, तगर. आणि त्यापुढे एक शब्द: मेगिस्ते. आपल्या "महा"च्याच कुळातला. फार मोठं शहर.

तगर म्हणजे तेर. माझ्या गावाला कुणी फार मोठं शहर म्हटलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा वाचत होते.

पुढे तो लिहितो की पैठणहून गोमेदासारखे दगड येतात आणि तगरहून साधं कापड भरपूर, शिवाय तलम कापडाचे नाना प्रकार. हा माल गाड्यांतून भडोचला उतरतो, आणि येतो तो "आनोदियाइस मेगिस्ताइस" मधून. होदोस म्हणजे वाट. त्याच्या आधीचा "आन्" म्हणजे आपलाच "अन्", अनर्थातला आणि अनादीतला. वाटच नसलेला मोठाच्या मोठा मुलूख. इंग्रजी भाषांतरात हे वाक्य मी आधी एकदा वाचलं होतं, तेव्हा डोळ्यांखालून नुसतं निघून गेलं होतं. ग्रीकमध्ये एकेक शब्द सोडवत गेले तेव्हा ती गाडी दिसली, काळ्या मातीत आरीपर्यंत रुतलेलं चाक दिसलं. तो व्यापारी स्वतः तेरपर्यंत आला नसावा, भडोचच्या धक्क्यावर गाडीवानांकडून ऐकून त्याने लिहिलं असावं असं मला वाटतं. म्हणजे त्या एका शब्दात आपल्याकडच्या कुणा गाडीवानाची तक्रार ग्रीक होऊन बसली असेल. रात्री मी आईला फोन लावला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आपल्याकडचं कापड चांगलं असणारच."

सोपारा, कल्याण, चौल, सगळी त्यात आहेत. कल्याणला उतरलेली ग्रीक जहाजं पहाऱ्याखाली भडोचला नेली जाऊ शकतात, असा इशाराही आहे. आपल्या इतिहासाचा हा कागद ग्रीकमध्ये आहे. तो आपल्यापैकी कुणाला वाचता येऊ नये का?

संस्कृतचं म्हणाल तर या दोन भाषा सवती नाहीत, बहिणी आहेत. तुम्ही दहावीला संस्कृत घेतलं असेल तर मुलीसमोर "देवः देवौ देवाः" म्हणून बघा. लॅटिनमध्ये द्विवचन उरलं नाही, पण ग्रीकमध्ये आहे. होमर आयस (इंग्रजीत अजॅक्स) नावाच्या दोन वीरांबद्दल द्विवचनात बोलतो. इथल्या मुलांना विभक्ती समजावताना माझा घसा कोरडा पडतो. घरी "आईने", "आईला", "आईचा" बोलणाऱ्या मुलीला ती कल्पना आयतीच मिळालेली असते.

हे सगळं नात्याचं झालं. पण मी नऊ वर्षं एका साध्या सरकारी शाळेत लॅटिन शिकवते ते तेवढ्यासाठी नाही. गुरुवारी शाळा सुटल्यावर सहा मुलं ग्रीकसाठी थांबतात. गेल्या वर्षी आम्ही थुसिडिडीज या ग्रीक इतिहासकाराच्या पुस्तकातला मितिलीनीचा प्रसंग वाचला. इसवी सनापूर्वी ४२७. लेस्बोस बेटावरच्या मितिलीनी शहराने अथेन्सविरुद्ध बंड केलं आणि ते फसलं. अथेन्सच्या सभेने रागाच्या भरात ठरवलं की तिथले सगळे पुरुष मारायचे, बायकामुलं गुलाम करायची. हुकूम घेऊन जहाज निघालंसुद्धा. दुसऱ्या दिवशी लोकांना आपण काय करून बसलो याची टोचणी लागली. पुन्हा सभा भरली. क्लिऑन म्हणाला, ठरलं ते ठरलं. डायोडोटस म्हणाला, घाई आणि राग हे शहाण्या निर्णयाचे दोन शत्रू. मतं जवळपास सारखी पडली, पण डायोडोटसची बाजू थोडक्यात जिंकली.

मग दुसरं जहाज सुटलं. पहिलं साधारण एक दिवस आणि एक रात्र पुढे गेलेलं. मितिलीनीच्या वकिलांनी वल्हेकऱ्यांसाठी दारू आणि जवाचं पीठ दिलं, वेळेत पोचलात तर मोठं बक्षीस देऊ म्हणाले. वल्ही मारता मारताच ते लोक दारू आणि तेलात मळलेलं पीठ खात होते. निम्मे झोपत, निम्मे वल्हवत. वारा आडवा आला नाही. पहिलं जहाज पोचून सेनापतीने हुकूम वाचला होता, अंमल व्हायचा होता, तेवढ्यात दुसरं बंदराला लागलं.

यात थुसिडिडीज एक लहानसं वाक्य टाकतो. पहिलं जहाज घाईने जात नव्हतं, कारण ते "आल्लोकोतोन" कामावर निघालं होतं. माझ्या मुलांनी या शब्दासाठी कोश उपसला. विचित्र, अनैसर्गिक, भेसूर, कशानेच समाधान होईना. मला मराठी चटकन सुचलं: विपरीत. "काहीतरी विपरीत घडणार" म्हणताना आपल्या पोटात जे होतं तेच. मी ते मुलांना मराठीत म्हणून दाखवलं आणि अर्थ सांगितला. सोमालियातून आलेल्या घरातला एक मुलगा आहे, एरवी गप्प बसणारा. तो म्हणाला, "मिस, म्हणजे पहिल्या जहाजातल्या लोकांनीही त्यांना वाचवलं. हळू जाऊन." पुस्तकात हे कुठे लिहिलेलं नाही. त्या एका शब्दावर थांबला म्हणून त्याला ते दिसलं. तरी पुढचं पान मी त्यांच्यापासून लपवलं नाही. बंडाचे पुढारी म्हणून हजाराच्या वर माणसं अथेन्सने मारलीच, असं थुसिडिडीज नोंदवतो.

मशीनच्या भाषांतरात ते वाक्य सेकंदात येतं आणि सेकंदात जातं. मशीनला नावं ठेवायची नाहीत मला. इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात इसवी सन ७९ मध्ये हर्क्युलेनियम शहरातल्या पपायरसच्या (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाच्या) गुंडाळ्या जळून कोळसा झाल्या होत्या. हात लावला तर भुगा होईल अशा. त्या न उलगडता, एक्स-रे आणि संगणकाच्या जोरावर २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये त्यातला पहिला शब्द वाचला गेला, जांभळ्या रंगासाठीचा ग्रीक शब्द. तो शोधणारा एकवीस वर्षांचा कॉम्प्युटरचा विद्यार्थी होता. पण संगणकाने दाखवलेले डाग म्हणजे अक्षरंच आहेत, आणि त्यांचा शब्द होतो, हे सांगायला ग्रीक वाचणारी माणसं लागलीच. अजून शेकडो गुंडाळ्या पडून आहेत. तुमच्या मुलीला गणितही येतं आणि ग्रीकही हवंय, म्हणजे या कामाला लागणारी दोन्ही अंगं तिच्याकडे आहेत.

लांबलं. पण "बघू" म्हणून हा विषय बाजूला ठेवू नका, एवढं कळकळीने सांगते.

जुनी_पोथी

संबंधाबद्दल थोडी भर. घरात कुणाची पत्रिका असेल तर काढून बघा. केंद्र, होरा, जामित्र, पणफर, आपोक्लिम हे सगळे मूळचे ग्रीक शब्द. जामित्र म्हणजे दियामेत्रोस, व्यास. कुंडलीत लग्नस्थानापासून, म्हणजे पहिल्या घरापासून, समोरचं सातवं घर. सुरुंगही बहुधा तिकडूनच आला, सिरिंक्स या शब्दावरून. आणि वराहमिहिर बृहत्संहितेत मोकळेपणाने लिहितो:

म्लेच्छा हि यवनास्तेषु सम्यक् शास्त्रमिदं स्थितम् ।
ऋषिवत्तेऽपि पूज्यन्ते किं पुनर्दैवविद्द्विजः ॥

यवन म्हणजे ग्रीक, ते म्लेच्छ खरे, पण हे शास्त्र त्यांच्याकडे नीट रुजलंय, म्हणून तेही ऋषींसारखे पूजले जातात. सहाव्या शतकातल्या उज्जैनच्या पंडिताला त्यांच्याकडून शिकण्यात कमीपणा वाटला नाही.

निळी_शाई

तेरणाताई, तुमचं लिखाण दोनदा वाचलं. मितिलीनीने झोप उडवली. पण एक बाजू सुटली, ती मांडतो.

या भाषांनी दारं उघडली तशी बंदही केली. १८५५ मध्ये आयसीएसची स्पर्धा परीक्षा सुरू झाली तेव्हा ग्रीकला ७५० गुण आणि लॅटिनला ७५०. संस्कृतला ३७५, अरबीला ३७५. भारतावर राज्य करायला कोण येणार हे त्या आकड्यांनीच ठरवून टाकलं होतं. लॅटिन येणारा तो साहेब, न येणारा तो कारकून, ही उतरंड इंग्रजांच्या स्वतःच्या देशातही होती. आपल्याला हे नवीन नाही. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिलं नाही, फारसी घ्यावी लागली.

आणि तरीही बाबासाहेब रोम वाचतात. १९३६ च्या जातिसंस्थेच्या निर्मूलनावरच्या त्यांच्या भाषणात, जे करायचं होतं आणि करू दिलं गेलं नाही, त्यात प्लेबियनांचं उदाहरण आहे. त्या सामान्य लोकांनी आपला माणूस निवडून देण्याचा हक्क मिळवला होता. पण, बाबासाहेब लिहितात, देवीला तो मान्य असल्याचा डेल्फीच्या मंदिराचा कौल मिळाल्याशिवाय त्याला पदावर बसता येत नव्हतं, आणि कौल सांगणारे पुजारी वरच्या वर्गाचे. त्यामुळे पदावर जाई तो त्यांना चालणाराच. कौल सोडून द्यावा असं त्या लोकांच्या मनात आलं नाही, कारण त्यांचीही त्यावर श्रद्धा होती. राजकीय हक्काआधी धर्माची पकड का सोडवावी लागते, हे सांगायला बाबासाहेबांना रोमचा इतिहास कामी आला. क्लासिक्सचा यापेक्षा मोठा उपयोग मला माहीत नाही.

मला ग्रीक येत नाही. अॅरिस्टॉटलचं राज्यशास्त्र मी भाषांतरातच वाचलं. काही माणसं स्वभावतःच गुलाम असतात, असं तो शांतपणे मांडतो तिथे पुस्तक मिटून उठलो होतो. दोन दिवसांनी पुन्हा उघडलं. हेच वाक्य आपल्याकडे वेगळ्या शब्दांत किती पिढ्या ऐकवलं गेलं, ते आठवत पुढे वाचलं. मुलीला शिकू द्या, पण तिथल्या संगमरवरापुढे तिने हात जोडू नयेत. तो संगमरवर खाणीतून कुणी काढला हेही तिने विचारावं.

तेरणा

निळी_शाई, हे माझ्या लिहिण्यात यायला हवं होतं. म्हणूनच सरकारी शाळेतली ती सहा मुलं मला महत्त्वाची वाटतात. ज्यांना हे शिकू द्यायचं नाही असं कधीकाळी ठरलं होतं, त्यांनी ते मुळातून वाचावं. अथेन्सच्या खाली लाव्रिओनला चांदीच्या खाणी होत्या. तिथे गुलाम राबत, आणि त्या चांदीवर अथेन्सचं आरमार उभं राहिलं. वल्हेकऱ्यांच्या धड्यानंतर आम्ही तेच घेतलं.

थेम्सकाठ

दोन आठवड्यांनी लिहितोय. सगळ्यांचे मनापासून आभार.

हा धागा मी मुलीला वाचून दाखवला. तिचं मराठी वाचन अडखळतं, म्हणून मी वाचत होतो आणि ती समोर गालिच्यावर बसून ऐकत होती. "विपरीत" आल्यावर तिने थांबवलं आणि तो शब्द पुन्हा म्हणायला लावला. मग स्वतः दोन-तीनदा म्हणून बघितला. "देवौ"ला तिने वही आणली आणि शेजारी ग्रीक रूप लिहिलं. मी अठ्ठावीस वर्षांपूर्वी मार्कांसाठी पाठ केलेली ती माळ पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडली. शेवटी निळी_शाई यांनी लिहिलेला डेल्फीचा भाग तिने पुन्हा वाचायला सांगितला. बाबासाहेबांचं ते भाषण घरात आहे का विचारलं. नव्हतं, मागवलंय.

फार्मसीचा विषय मी पुन्हा काढलेला नाही. ती सगळे अर्ज क्लासिक्सचेच भरतेय. फीचा आणि कर्जाचा हिशेब दोघांनी कागदावर मांडला आणि तिने त्यावर सही केली. हिशेबनीस दादा, तो कागद तुमच्यामुळे झाला.

तेरणाताई, दोन गोष्टी हव्यात. पेरिप्लसमधली ती तगरची ओळ मूळ ग्रीकमध्ये पाठवाल का? तिला ती भिंतीवर लावायची आहे. आणि डिसेंबरात आम्ही सोलापूरला, माझ्या आजोळी येतोय. तिथून तेरला एका दिवसात जाऊन यायचं ठरवलंय. वस्तुसंग्रहालय कुठल्या वारी बंद असतं, आणि ती हस्तिदंती मूर्ती तिथे बघायला मिळते का, तुमच्या माहेरी विचारून कळवाल का?